केळ्यात खोचलेला आंबा : बागकामाच्या व्हिडिओचं थंबनेल कसं वाचावं

गेल्या गणपतीत खालच्या वाडीतला एक जण आमच्या नर्सरीवर आला. डोंबिवलीला असतो. खुर्चीत बसायच्या आधीच फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "ह्यां बघ, आणि माझां खंय चुकलां ता सांग."

फोनवर एक चित्र होतं. उभं चिरलेलं केळं, त्यात खोचलेली आंब्याची काडी, बाजूला जाडजूड तांबडा बाण. बाणाच्या टोकाला वीतभर उंचीचं झाड आणि त्याला सात-आठ लालभडक आंबे. वर पिवळ्या अक्षरांत 'फक्त १५ दिवसांत'.

"अरे, केळ्यातसून आंबो कसो येतलो?"

"पण चित्रात इलो मा!"

जूनअखेरीस गावी आला तेव्हा परसातल्या जुन्या हापूसच्या डझनभर काड्या कापून त्याने डोंबिवलीला नेल्या होत्या. एक डझन केळी आणली, बारा कुंड्या भरल्या. आठवड्यात केळी कुजली, चिलटं झाली, काड्या वाळल्या, बायकोने कुंड्या खाली नेऊन ठेवल्या. केळ्यांचे पैसे गेले ते गेले. मला वाईट वाटलं ते हंगामाचं. कोय कलमं, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधून केलेली कलमं, आम्ही जून ते ऑगस्ट एवढ्यातच बांधतो. गणपती आले म्हणजे काम संपत आलेलं असतं. त्याच काड्या घेऊन तो त्या दिवसांत माझ्याकडे आला असता, तर बारापैकी सात-आठ कलमं आज पिशवीत उभी असती.

कुडाळ-वेंगुर्ला रस्त्याला आत आमची नर्सरी आहे. वडिलांच्या हाताखाली चाकू धरायला शिकलो, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "हे झाड कसं लावू?" आता फोन पुढे करतं आणि विचारतं, "हे खरं आहे का?" रोज तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आधी एक मुद्दा, जो बऱ्याच जणांना ठाऊकच नसतो. व्हिडिओ उघडण्यापूर्वी दिसतं ते चित्र, म्हणजे थंबनेल, हे व्हिडिओतलं दृश्य असेलच असं नाही. यूट्यूब स्वतःहून व्हिडिओतली तीन दृश्यं सुचवतं, पण फोन नंबरची पडताळणी केलेल्या कुणालाही आपलं वेगळं चित्र चढवता येतं. तो एक फोटो असतो, झालं. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचा लग्नाशी असतो तेवढाच कधीकधी त्याचा व्हिडिओशी संबंध.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचाही एक व्हिडिओ आहे.

पुतणी पुण्याला असते. दोन वर्षांपूर्वी पावसात आली, तेव्हा तिने माझं कोय कलम बांधणं फोनवर टिपलं, अकरा मिनिटं. पहिलं थंबनेल म्हणजे माझा हात, चाकू आणि रोप. महिनाभरात दोनशे-तीनशे लोकांनी पाहिलं. मग ती म्हणाली, "काका, हे कोण बघणार?" आणि तिने चित्र बदललं. डावीकडे माझं ताजं बांधलेलं कलम, उजवीकडे आमच्याच बागेतल्या लगडलेल्या फांदीचा फोटो, मध्ये बाण, वर 'बघा २१ दिवसांत काय झालं!' आकडा चार हजारांवर गेला. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग फोन सुरू झाले. इस्लामपूरहून एका बाईंनी विचारलं, "एकवीस दिवस झाले, नुसती पानंच आलीत, आंबे कधी येणार?"

आता बघा, त्या चित्रात एकही शब्द खोटा नव्हता. एकवीस दिवसांत डोळा फुटतो, तांबूस पालवी येते. व्हिडिओत मी तेच सांगितलं होतं. फांदी आमचीच होती, आंबे आमचेच होते. लबाडी होती ती दोन फोटो शेजारी ठेवण्यात. त्या दोन फोटोंमध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर होतं आणि बाणाने ते गिळलं होतं. तेव्हापासून कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी बाण बघतो आणि स्वतःला विचारतो, या दोन फोटोंच्या मध्ये किती दिवस गेले असतील, आणि हे झाड तेच आहे का?

तेच आहे का हे ओळखायचं तर झाडाकडे बघू नका, कुंडीकडे बघा. कुंडीचा काठ फुटका आहे का, मागची भिंत तीच आहे का, माती किती भरली आहे. झाड वाढतं, बदलतं, त्यामुळे कुणीही फसेल. कुंडी वाढत नाही. पहिल्या दिवशी तांबडी मातीची कुंडी आणि पंचेचाळिसाव्या दिवशी काळी प्लॅस्टिकची, आणि मधे कुंडी बदलल्याचा उल्लेखही नाही? बंद करा. माणसाचा शर्टही बघावा. 'दिवस १', 'दिवस ३०', 'दिवस ४५' अशा पाट्या येतात, पण अंगात तोच निळा शर्ट आणि भिंतीवर तीच सावली. पंचेचाळीस दिवस तोच शर्ट आमच्याकडे आंघोळ न करणारासुद्धा घालत नाही.

आणखी एक सोपी चाचणी. व्हिडिओ सुरू करा, खालची रेघ बोटाने धरा आणि हळूहळू शेवटापर्यंत सरकवत न्या. वर बारीक बारीक दृश्यं दिसत जातात. वीस सेकंदांत पूर्ण व्हिडिओ डोळ्यांखालून जातो. थंबनेलमधलं फळांनी लगडलेलं झाड त्यात कुठेच दिसलं नाही, तर दहा मिनिटं वाचली. दिसलं, तर तिथे थांबा आणि ते हलतं का बघा. पुष्कळदा तोच फोटो व्हिडिओतही पाच सेकंद चिकटवलेला असतो. खरं झाड वाऱ्याने हलतं, त्यावर मुंगी फिरते, पानाला भोक असतं. आणि कुणी फळ तोडून दाखवतं का, हे तर बघाच. वीतभर झाडाला आठ आंबे आलेत आणि एकही तोडून चाखत नाही, हा काय संयम म्हणायचा? तोडला तर आतली टाचणी दिसेल म्हणून.

व्हिडिओ न उघडता, नुसत्या चित्रावरून ओळखायचं असेल तर झाडाची थोडी ओळख लागते. ती काही अवघड नाही, आपण लहानपणापासून बघतोच.

आंब्याला मोहोर येतो फांदीच्या शेंड्याला. म्हणून आंबा शेंड्यापासून लांब देठाने खाली लोंबतो. फणस मात्र खोडाला धरतो. चित्रात आंबे फणसासारखे थेट खोडाला चिकटलेले असतील, तर ते कुणीतरी चिकटवलेत. आंब्याची नवी पालवी तांबूस, मऊ, लोंबती असते, हिरवी आणि टणक व्हायला वेळ लागतो. 'पंधरा दिवसांचं' झाड आणि सगळी पानं गडद हिरवी, चामड्यासारखी जाड? ती मोठ्या झाडाची कापलेली फांदी आहे, मातीत खोचलेली. नीट बघितलंत तर बुंध्याशी माती नुकतीच दाबलेली, ओली दिसेल आणि शेंड्याची पानं किंचित मान टाकलेली असतील.

स्ट्रॉबेरीचं झाड जमिनीसरशी असतं आणि फळ बारीक देठावर मातीजवळ लोळतं, म्हणून तर महाबळेश्वरला खाली प्लॅस्टिक अंथरतात. बोराच्या झाडासारखी फांद्या-फांद्यांना लटकलेली स्ट्रॉबेरी दिसली की पुढे सरका. केळीला एका झाडाला एकच घड. टोमॅटो घोसात एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात लाल, केशरी, हिरवे असे सगळे भाऊ सापडतात. हल्ली एआयने केलेल्या चित्रांत मला हीच गोष्ट पहिल्यांदा खटकते. प्रत्येक फळ तेवढंच पिकलेलं, तेवढंच मोठं, तेवढंच चकाकणारं. देवाच्या बागेत अशी शिस्त नसते.

निळ्या गुलाबाबद्दल तर आमच्या घरातलाच किस्सा. बायकोने चित्र बघून, व्हिडिओखालच्या लिंकवरून निळ्या गुलाबाचं बी मागवलं. नर्सरीवाल्याच्या घरात! आम्ही गुलाबाच्या जाती बियांपासून करतच नाही, खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपावर, डोळा भरतो, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. पण चित्र इतकं सुंदर होतं की म्हणाली, बघू तरी. उगवला माठ. भाजी बरी झाली. गुलाबात निळा रंग मुळात नाही. जपानमध्ये जनुकं बदलून केलेला एक गुलाब २००९ साली बाजारात आला, 'अप्लॉज' नावाचा, पण तोही जांभळटच. थंबनेलमधला शाईसारखा निळा गुलाब एकतर पांढरं फूल रंगाच्या पाण्यात उभं करून केलेला असतो, नाहीतर संगणकावर. तेव्हा चित्राखाली बियांची लिंक असेल, तर ते शिकवणं नव्हे, दुकान आहे. दुकान असायला हरकत नाही, माझंही आहेच, पण दुकान म्हणून बघा.

आता दिवसांचा हिशेब. चित्रावर आकडा असला की तो या हिशेबाशी ताडून बघायचा. मेथी २५-३० दिवस. कोथिंबीर दीड महिना धरा. मिरची आणि टोमॅटो रोप लावल्यापासून साधारण दोन-अडीच महिने. हापूसचं कलम लावल्यावर चांगलं फळ धरायला चार-पाच वर्षं. आधी मोहोर आला तरी आम्ही खुडून टाकतो, झाडाला आधी अंग धरू द्यावं लागतं. कोयीपासून वाढवलेल्या आंब्याला त्याहून जास्त, आणि तो हापूस असेल याची खात्री नाही, कारण हापूसच्या कोयीतून येणारं झाड आईसारखंच निघतं असं नाही. म्हणून तर कलम. कागदी लिंबू मात्र बियांपासून बऱ्यापैकी आईवर जातं, पण फळाला तीन-चार वर्षं तरी थांबायचं. बाणवली, म्हणजे आपल्या उंच गावठी नारळाला सहा-सात वर्षं, संकरित असेल तर चार-पाच. दहा-वीस टक्के इकडेतिकडे चालतं. हवा असते, माती असते. पण वर्षांचे दिवस झालेले दिसले, तर त्या माणसाकडून पुढचं काहीच शिकायचं नाही, अगदी तो पाणी किती घालावं हे सांगत असला तरी.

केळ्यात काडी का जगत नाही, तेही सांगतो, म्हणजे याच जातीची पुढची दहा चित्रं तुमची तुम्हाला ओळखता येतील. झाडाची साल अलगद सोलली की साल आणि लाकूड यांच्या मधे एक ओलसर, बुळबुळीत पापुद्रा लागतो. कलम जोडतो तो हा पापुद्रा. खुंटाचा आणि काडीचा पापुद्रा एकमेकांना भिडला, पट्टीने घट्ट बांधला, की दोन्हीकडून पेशी वाढून सांधा होतो. एकाच जातकुळीतली झाडं असावी लागतात, आंब्यावर आंबा, लिंबाच्या कुळात लिंबू. केळीच्या झाडालाच हा पापुद्रा नसतो, मग केळं तर नुसतं फळ. त्यात खोचलेली काडी म्हणजे पाण्याच्या ग्लासात ठेवलेली काडी, आणि पाणीही कुजणारं. बटाट्यात गुलाबाची काडी खोचतात, तिथेही तेच. कधी एखादी फुटते, पण ती बटाट्याशिवायही फुटली असती. जास्वंदीच्या काडीला कोरफडीचा गर, दालचिनी, मध असं काय काय चोळून दाखवतात आणि ती फुटते. फुटणारच! पावसाळ्यात जास्वंदीची काडी कुंपणाला टोचली तरी फुटते. श्रेय मधाला. चित्रात घरगुती जिन्नस दिसला की विचारायचं, हा न घालता लावलेली काडी शेजारी दाखवली आहे का? माझ्या पाहण्यात तरी आजवर एकानेही दाखवलेली नाही.

प्रतिक्रियांचं एक बघा. नापसंतीचा आकडा यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून लोकांना दाखवणं बंद केलं. आता नुसते अंगठे वर दिसतात. म्हणून प्रतिक्रिया 'नवीन आधी' अशा लावून घ्या. पहिल्या दिवशीच्या 'खूप छान माहिती सर' वाचू नका, त्या माणसाने अजून कुंडीसुद्धा आणलेली नसते. दोन महिन्यांनी परत आलेला माणूस शोधा. 'वाळलं', 'कुजलं', 'मी तीनदा केलं' असं लिहिणारा. त्याला उत्तर मिळालंय का, की फक्त एक बदाम टाकलाय, तेही बघा. प्रतिक्रियाच बंद करून ठेवल्या असतील, तर शिकवणाऱ्याला विद्यार्थी नको आहेत.

'शेवटी दाखवतो' म्हणणाऱ्यांपासूनही सावध. पुतणीने मला यातलं गणित सांगितलं. एकाच व्हिडिओला तीन चित्रं लावून बघण्याची सोय यूट्यूबने दिली आहे आणि त्यात जिंकतं ते चित्र, ज्यामुळे लोक जास्त वेळ बघत राहतात. म्हणजे नुसतं आत ओढून भागत नाही, धरूनही ठेवावं लागतं. म्हणून पहिली चार मिनिटं 'मित्रांनो, ही पद्धत तुम्हाला कुणीच सांगणार नाही' यात जातात. ज्याला खरंच कलम बांधता येतं, तो दुसऱ्या मिनिटाला चाकू हातात घेतो. चाकू कुठल्या मिनिटाला निघतो हे मोजा, एवढी एक खूण पुरे.

तक्रार करायची असेल तर व्हिडिओजवळच्या तीन ठिपक्यांतून 'रिपोर्ट'वर जा आणि दिशाभूल करणारं म्हणून नोंदवा. फसवं थंबनेल यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, थंबनेलमध्ये एक आणि आत भलतंच असे व्हिडिओ भारतात काढून टाकू, असंही त्यांनी जाहीर केलं, पण तो रोख मुख्यतः बातम्या आणि ताज्या घडामोडींवर होता. केळ्यातल्या आंब्यापर्यंत ती कात्री पोचायची वाट बघू नका. त्याच तीन ठिपक्यांत 'हे चॅनल सुचवू नका' असाही पर्याय सापडतो. तो दाबला की निदान तुमच्या फोनवरची वर्दळ कमी होते.

मग बघायचं काय? माझ्या अनुभवात चांगल्या व्हिडिओचं चित्र दिसायला रटाळ असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले किंवा कृषी विज्ञान केंद्रातले लोक बोलतात, तेव्हा चित्रात एक माणूस, एक रोप आणि मागे फलक असतो. आवाज कमी, वारा जास्त. पण तो माणूस महिना सांगतो. खुंट किती दिवसांचा घ्यायचा, काडी किती जुनी, आठ-दहा दिवस आधी तिची पानं का छाटायची हे सांगतो. आणि शंभरातली किती मरतात हेही सांगतो. मी स्वतः चाळीस वर्षांनंतरही शंभर बांधली तर चांगल्या पावसात साठ-सत्तर जगवतो. 'शंभर टक्के यशस्वी' असं चित्रावर लिहिणारा माझ्याहून मोठा कलमकार असेल किंवा त्याने एकच बांधलं असेल.

आमच्या व्हिडिओचं थंबनेल मी पुतणीला परत बदलायला लावलं. पुन्हा माझा हात, चाकू, कोयीसकट उपटलेलं पंधरा दिवसांचं रोप. खाली लिहिलं, 'आंबे : पाच वर्षांनी'. ती म्हणाली, "काका, असं कोण लिहितं?" आकडा जागच्या जागी थांबला. एकाने खाली लिहिलंय, 'शेवटी आंबे दाखवले नाहीत, वेळ फुकट गेला.' त्याला मी उत्तर दिलं नाही.

डोंबिवलीवाला मात्र यंदा मेअखेरीला फोन करून विचारत होता, कधी येऊ आणि काय आणू. त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. आंबे खाल्लेत की कोयी धुवा, सावलीत ठेवा, उन्हात अजिबात वाळवू नका, आणि फार दिवस ठेवूही नका, रुजायची ताकद जाते. पाऊस लागला की वाफ्यात लावा. रोप तांबूस असताना, दहा-पंधरा दिवसांचं, कोयीसकट उपटून घेऊन या. काड्या माझ्याकडे आहेत. चाकू स्वतःचा आणा, माझा मी कुणाला देत नाही.